मालिकांमधले दुःख तेराव्यापर्यंत तरी का टिकत नाही?

गोदाकाठची वाचक, इंदिरानगर, नाशिक

नमस्कार. आमच्या भागातील ज्येष्ठ नागरिक संघात दर महिन्याला एका विषयावर चर्चा होते आणि पुढच्या महिन्याचा विषय मांडण्याचे काम माझ्याकडे आले आहे. दूरचित्रवाणीवरील दैनंदिन मालिकांमध्ये मृत्यूनंतरचे दुःख कसे दाखवले जाते, हा विषय मी घेतला आहे. तो सुचण्याचे कारण घरातलेच आहे. वडील गेल्यानंतर आई माझ्याकडे राहायला आली. संध्याकाळच्या तिच्या मालिका ठरलेल्या असतात आणि स्वयंपाक करता करता त्या माझ्याही कानावर पडतात. मध्यंतरी एका मालिकेत घरातला कर्ता माणूस गेला. पांढऱ्या साड्या, हार घातलेला फोटो, रडणाऱ्या प्रत्येक चेहऱ्यावर पुन्हापुन्हा जाणारा कॅमेरा, असे एक-दोन भाग झाले आणि लगेच त्याच दिवाणखान्यात मृत्युपत्रावरून भांडण सुरू झाले. आईने मला हाक मारून विचारले, "यांच्याकडे भेटायला कोणी येत नाही का गं?"

तिचा हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. आपल्याकडे माणूस गेल्यावर पहिले दहा-बारा दिवस घर माणसांनी भरलेले असते. दार उघडे असते, बाहेर चपलांचा ढीग पडलेला असतो, सतरंजी अंथरलेली असते, शेजारून पिठले-भात येतो आणि येणारा प्रत्येक जण "कसं झालं?" एवढेच विचारतो. आईने त्या दिवसांत या प्रश्नाला किती जणांना उत्तर दिले असेल, याची गणती नाही. सकाळी चहा घेतला, मग छातीत जड वाटते म्हणाले, रिक्षा आणायला माणूस पाठवला, आणि इथे येऊन ती थांबत असे. पहिल्या दिवशी तिला पुढचे वाक्य उच्चारता येत नव्हते. दहाव्यापर्यंत ती सगळे सलग सांगू लागली होती, आणि एखादा तपशील कोणी चुकीचा सांगितला तर दुरुस्तही करू लागली होती. माणूस गेल्याचे सत्य तिच्या मनात उतरले ते या सांगण्यातून, असे मला वाटते. मालिकेत नेमका हाच भाग गाळलेला असतो.

दुसरी गोष्ट रामकुंडाची. आपण नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो आणि देशभरातून लोक अस्थी घेऊन या गंगेवर येतात, त्यामुळे अस्थिविसर्जन आपण येता-जाता पाहिलेले आहे. मालिकेतला नायक निर्मनुष्य नदीकाठी एकटा उभा राहतो, लाल कापड बांधलेले मडके पाण्यात सोडतो आणि मागे बासरी वाजते. प्रत्यक्षात अस्थिविलय तीर्थापाशी एकाच वेळी कितीतरी कुटुंबे असतात, कोणाचे मूल रडत असते, गुरुजी गोत्र विचारतात, मुलाला ते आठवत नाही आणि मग कोणीतरी गावाकडे फोन लावते. आमचे मूळ गाव येवल्याकडचे. तीर्थोपाध्यायांनी जुनी वही काढून त्यात गाव आणि आडनाव शोधले, तेव्हा आजोबांच्या अस्थी घेऊन आलेल्या माझ्या वडिलांची सही त्या पानावर निघाली. वडिलांची ती तरुणपणीची, शाळकरी गोल अक्षरातली सही पाहून माझा भाऊ, जो तोपर्यंत सगळी धावपळ कोरड्या डोळ्यांनी करत होता, तिथेच पायरीवर खाली बसला. असे प्रसंग आपल्या नदीवर रोज घडत असताना पडद्यावर मात्र मडके आणि बासरीच का येते?

मराठी असो, हिंदी असो वा परदेशी, कोणत्या मालिकेने हे दुःख खरेपणाने दाखवले असे आपल्याला वाटते, आणि बाकीच्यांना ते का जमत नसावे? चित्रपटाला दोन-अडीच तासांत सगळे आवरावे लागते. मालिकेपाशी रोजची संध्याकाळ आहे, तेच घर आहे, तीच माणसे आहेत. शोकाला जो वेळ लागतो तो फक्त तिच्याकडेच आहे, म्हणून ही उणीव मला अधिक खटकते.

जुना प्रेक्षक, नाशिकरोड

ताई, विषय चांगला घेतलात. मी प्रेसमधून निवृत्त झालेला माणूस, आणि दूरदर्शन एकच वाहिनी होती तेव्हापासून मालिका पाहत आलो आहे. 'हम लोग' ७ जुलै १९८४ रोजी सुरू झाली आणि १९८५ च्या डिसेंबरमध्ये संपली. मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेल्या त्या मालिकेत दादीला कर्करोग होतो. मरणाची चाहूल घराला लागते आणि त्या चाहुलीसकट घर आपले रोजचे जगणे, मुलींची लग्ने, पैशाची ओढाताण चालूच ठेवते, हे मी पडद्यावर प्रथम तिथे पाहिले. भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन दोन शब्द बोलत असत. त्या काळी आमच्या चाळीत दूरचित्रवाणी संच मोजक्याच घरांत होते आणि दादीची चौकशी लोक सख्ख्या आजीची करावी तशी करत असत.

माझ्या मते गाडी बिघडली ती पुढे. 'क्योंकि सास भी कभी बहू थी' ही मालिका ३ जुलै २००० रोजी सुरू झाली आणि थोड्याच काळात तिच्यातला नायक मिहीर मारला गेला. प्रेक्षक इतके खवळले की त्याला परत आणावे लागले, आणि तो परत आला तो स्मृती गेलेल्या अवस्थेत. प्रेक्षकांचे प्रेम मी समजू शकतो; माझ्या घरातही तेव्हा जेवण गळ्याखाली उतरले नव्हते. मात्र मालिकावाल्यांनी त्यातून जो धडा घेतला त्याचे परिणाम आजतागायत टिकून आहेत. मरण मागे घेता येते, हे एकदा ठरले की कोणाच्या मरणावर मनापासून रडायचे कशाला? आता कोणी दरीत पडले किंवा गाडीला आग लागली की माझी नात लगेच विचारते, "आजोबा, बॉडी सापडली का?" बॉडी सापडली नसेल तर माणूस परत येणार हे तिला ठाऊक असते, आणि सापडली असेल तर हुबेहूब दिसणारा दुसरा कोणी येणार, हेही ठाऊक असते. अशा मनाने पाहणाऱ्याला शोक कसा व्हावा?

म्हणूनच 'आई कुठे काय करते' मधला आशुतोषचा मृत्यू मला वेगळा वाटला. २०२४ मध्ये तो अपघातात गेला आणि गेलाच. त्यानंतरचे कथानक मला सगळेच पटले असे नाही, तरी त्याची पत्नी अरुंधती हिच्या वाट्याला आलेले ते एकटेपण कोणी मागे घेणार नव्हते, आणि तेवढ्यानेही पाहण्यात फरक पडतो.

आणखी एक निरीक्षण नोंदवतो. 'तारक मेहता का उल्टा चष्मा' मध्ये डॉक्टर हाथींची भूमिका करणारे कवी कुमार आझाद २०१८ मध्ये गेले आणि नट्टू काकांची भूमिका करणारे घनश्याम नायक २०२१ मध्ये गेले. दोन्ही पात्रे दुसऱ्या नटांकडे देऊन पुढे चालू राहिली. विनोदी मालिकेची अडचण मी जाणतो, तरीही रोज घरात येणारा माणूस खरोखर गेलेला असताना पडद्यावरच्या त्याच्या शेजाऱ्यांना त्याचा पत्ताच नसावा, याचे मला वाईट वाटले.

संवादलेखक, मूळ कॉलेज रोड, सध्या गोरेगाव

मी बरीच वर्षे दैनंदिन मालिकांचे संवाद लिहितो आहे. वाहिनीचे किंवा निर्मात्याचे नाव घेणार नाही, पण आपल्या आईंच्या प्रश्नाचे उत्तर मला देता येईल, कारण ते उत्तर खर्चाच्या कागदावर लिहिलेले असते. भेटायला येणारी वीस माणसे दाखवायची म्हणजे वीस ज्युनिअर आर्टिस्टांचे त्या दिवसाचे पैसे, त्यांचे कपडे, जेवण आणि ने-आण. दुसऱ्या दिवशी तोच प्रसंग पुढे चालवायचा असेल तर तीच माणसे पुन्हा बोलवावी लागतात आणि दाराबाहेरच्या चपलासुद्धा कालच्यासारख्याच मांडाव्या लागतात. हा खर्च पहिल्या दिवसापुरता, अंत्ययात्रेच्या एका दृश्यासाठी मंजूर होतो. त्यानंतर घरात उरतात ती करारावरची आठ-दहा पात्रे, आणि म्हणून पडद्यावरचे दुःख नेहमी एकाच कुटुंबापुरते, शेजारपाजाराशिवायचे दिसते.

अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळून साधारण २२ मिनिटांचा मजकूर लागतो आणि बहुतेक वेळा तेवढा मजकूर एका दिवसाच्या शिफ्टमध्ये चित्रित व्हावा अशी अपेक्षा असते. प्रसारणाच्या पुढे काही दिवसांचे भाग हाती तयार असले तर आम्ही स्वतःला सुखी समजतो. कोणती मालिका किती लोक पाहतात हे मोजणाऱ्या बार्क या संस्थेचे आकडे दर गुरुवारी येतात आणि शुक्रवारी कथानक वळते. मृत्यूसुद्धा पुष्कळदा कथेच्या गरजेतून येत नाही. नटाला दुसरे काम मिळालेले असते किंवा आकडे घसरलेले असतात. त्यामुळे पात्र मरण्यापूर्वीच त्याच्या मरणानंतरचे कारस्थान लिहून ठेवलेले असते आणि शोकाला मिळतो तो फक्त ते कारस्थान सुरू होईपर्यंतचा अवधी. त्यातच प्रत्येक भाग अशा ठिकाणी संपवावा लागतो की प्रेक्षकाला उद्या काय होईल याची ओढ लागावी. शोकात अशी ओढ नसते. माणूस गेला आहे, उद्याही तो गेलेलाच असणार आहे, आणि परवाही. आमच्या पटकथेच्या साच्यात हे बसवायचे कसे, याचे उत्तर मला आजवर कोणी समाधानकारक दिलेले नाही.

तरी प्रयत्न होतात, आणि ते सांगितले पाहिजेत. एका मालिकेत सासरे गेल्यानंतर मी एक प्रसंग लिहिला होता. गॅसची नोंदणी सासऱ्यांच्या मोबाइल क्रमांकावर आहे. सिलिंडर घेऊन आलेला माणूस दारात उभा राहून ओटीपी मागतो. सून सासऱ्यांच्या कपाटातून फोन काढते, तो बंद पडलेला असतो, ती तो चार्जिंगला लावून तिथेच उभी राहते. फोन सुरू होतो आणि इतके दिवस अडकून पडलेले संदेश एकामागून एक वाजू लागतात. बँकेचा येतो, औषधाच्या दुकानाचा येतो, आणि एका जुन्या मित्राचे 'सुप्रभात' येतात, जो बातमी न कळल्यामुळे रोज सकाळी फुलांचे चित्र पाठवतच राहिलेला असतो. स्वयंपाकघरातून सासू विचारते, "कोणाचा फोन आहे गं?" सून म्हणते, "कोणाचा नाही." बस्स, एवढाच प्रसंग. वाचन झाले तेव्हा प्रश्न आला की यात घडते काय. बरीच चर्चा होऊन तो निम्मा राहिला, सासूचा प्रश्न गळाला, पण 'सुप्रभात' राहिले. चित्रीकरणाच्या दिवशी वेशभूषा सांभाळणारी मुलगी मला बाजूला घेऊन म्हणाली की त्यांच्या घरी वडिलांच्या नंबरला आई अजून रिचार्ज करते. ज्यांना त्यात काही घडत नाही असे वाटत होते, त्यांच्या सेटवरच ते घडत होते.

तेव्हा माझे म्हणणे असे की ग्लिसरीन काढून टाका, अशी मागणी करून फारसे साधणार नाही. रडणे खोटे नसते, लोक रडतातच. कमतरता आहे ती रडून झाल्यानंतरच्या कामांची. मृत्यूचा दाखला, रेशनकार्डावरचे नाव, पेन्शनचे कागद, चष्म्याच्या दुकानात तयार होऊन पडलेला चष्मा. या कामांना ज्युनिअर आर्टिस्ट लागत नाहीत आणि खर्चही येत नाही.

सातपूरहून एक प्रेक्षक

सगळ्यांचे वाचले. माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते मांडण्याची परवानगी असावी. माझे यजमान कंपनीतून घरी येताना अपघातात गेले. मुले लहान होती. दाखला, पेन्शन, भरपाईचे कागद, हे सगळे मी केले आहे आणि कोणत्या खिडकीवर काय बोलावे लागते तेही मला पाठ आहे. संध्याकाळी काम आवरून मी मालिका लावते ती ते पुन्हा पाहण्यासाठी नाही. मालिकेतला मिहीर परत आला तेव्हा मला आनंद झाला होता, कारण कोणाचा तरी परत आला. हे खोटे आहे, एवढे मला कळत होते. खऱ्याचा आग्रह धरणाऱ्यांनी आमच्यासारख्यांचाही विचार करावा, एवढीच विनंती.

देवळालीकर, सध्या मँचेस्टर

नोकरीच्या निमित्ताने मी ज्या शहरात राहतो तिथे 'कोरोनेशन स्ट्रीट' ही मालिका तयार होते. ती ९ डिसेंबर १९६० रोजी सुरू झाली आणि अजून चालू आहे, त्यामुळे इथल्या घरांत तीन-तीन पिढ्यांनी ती पाहिलेली आहे. प्रश्नात परदेशी मालिकांचा उल्लेख आहे म्हणून तिच्यातला एक मृत्यू सांगतो. रॉय आणि हेली क्रॉपर हे मध्यमवयीन जोडपे, छोटे उपाहारगृह चालवणारे. हेलीला स्वादुपिंडाचा कर्करोग होतो आणि २० जानेवारी २०१४ च्या भागात, वेदना पराकोटीला जाण्याआधी, ती स्वतःचे आयुष्य संपवते. रॉयला तो निर्णय मान्य नसतो, तरीही तो तिच्याजवळ बसून राहतो. रॉयचे काम करणारे डेव्हिड नीलसन यांनी त्यानंतरच्या भागांत जे केले ते मला आजही आठवते. रॉय मुळातच कमी बोलणारा, नेमकेपणाची सवय असलेला माणूस आहे, आणि त्याचे दुःख त्याच नेमकेपणातून बाहेर पडते. गिऱ्हाइके येतात, त्यांना चहा हवा असतो, आणि त्याला तो द्यावा लागतो. मालिका त्यानंतर कितीतरी वर्षे चालली आहे आणि रॉय अजूनही हेलीचाच नवरा आहे, हे प्रेक्षकाला वेगळे सांगावे लागत नाही. इतकी वर्षे एकाच पात्राच्या सोबत राहणे दुसऱ्या कोणत्या कलाप्रकाराला शक्य आहे, मला ठाऊक नाही.

मात्र इथेही सगळे आलबेल आहे असे समजू नये. बीबीसीच्या 'ईस्टएंडर्स' मध्ये २०१० च्या अखेरीस रॉनी नावाच्या आईचे तान्हे बाळ पाळण्यातच दगावते, आणि त्या धक्क्यात ती शेजारणीच्या बाळाशी त्याची अदलाबदल करते. बीबीसीकडे हजारो तक्रारी गेल्या आणि शेवटी ते कथानक ठरल्यापेक्षा लवकर, २०११ च्या एप्रिलमध्ये संपवण्यात आले. तक्रार करणाऱ्यांचे म्हणणे मृत्यू दाखवू नका असे नव्हते. ज्यांची बाळे अशी गेली होती त्या आईवडिलांना राग आला तो या गोष्टीचा, की बाळ गमावलेली आई म्हणजे दुसऱ्याचे बाळ उचलणारी बाई, असे चित्र घराघरांत गेले. आपल्याकडच्या मालिकांत मूल गमावलेली किंवा विधवा झालेली स्त्री हळूहळू खलनायिका होत जाते, तेव्हा मला ही तक्रार हटकून आठवते. शोक करणारा माणूस धोकादायक असतो, ही समजूत आपण न कळत पसरवत असतो आणि तिचा त्रास खऱ्या बायकांना होतो. आपल्याकडे अशा तक्रारी होत नाहीत, त्याअर्थी ते कोणाला बोचत नाही, असा निष्कर्ष काढता येणार नाही.

सातपूरच्या ताईंना एवढेच सांगावेसे वाटते की त्यांचे म्हणणे मला पूर्ण पटते. हेलीचे भाग माझ्या पत्नीने पाहिले नाहीत. तिचे वडील त्याच आजाराने गेले होते.

समुपदेशक, गंगापूर रोड

शोकाशी संबंधित काम करते, म्हणून व्यवसायाच्या बाजूने थोडे लिहिते. मालिकांमध्ये आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांमध्येही शोकाच्या पाच पायऱ्यांचा फार बोलबाला असतो: नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि स्वीकार. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये ही मांडणी केली ती स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ती नंतर लावण्यात आली, आणि लोक त्या पायऱ्या क्रमाने चढतात असे प्रत्यक्षात दिसत नाही. मालिकेतील पात्र मात्र सोमवारी नाकारते, बुधवारी देवाला शिव्या देते आणि शनिवारी फोटोसमोर दिवा लावून डोळे पुसते. असे पाहत आलेली माणसे माझ्यापुढे बसून विचारतात की वर्ष झाले तरी माझा राग का जात नाही, मी कुठे अडकले आहे का.

मला अधिक उपयोगी वाटते ती मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शूट या नेदरलँड्समधील अभ्यासकांनी १९९९ मध्ये केलेली मांडणी. शोकात असलेला माणूस दोन कामांमध्ये सतत ये-जा करतो, असे ते म्हणतात. एकीकडे गेलेल्याची आठवण, त्याची ओढ आणि रडणे असते. दुसरीकडे बँकेत जाणे, नवे काम शिकणे, मुलांचा डबा भरणे आणि क्वचित पोट धरून हसणेसुद्धा असते. ही ये-जा निरोगी आहे. काही काळ दुःखापासून दूर राहणे हाही शोकाचाच भाग आहे, आणि सातपूरच्या ताई संध्याकाळी मालिका लावतात तेव्हा त्या नेमके हेच करत असतात. त्यांनी त्याबद्दल कोणापुढे समर्थन देण्याची गरज नाही. विरोध आहे तो मालिकांनी यातली एकच बाजू दाखवण्याला. पडद्यावरची विधवा हसली की मागे संशयाचे संगीत वाजते. दहाव्या दिवशी गंगेवरून परत आल्यावर चुलतभावंडे ओसरीत बसून काकांच्या फजितीचे किस्से सांगतात आणि हसता हसता कोणीतरी रडू लागते, हे आपल्या प्रत्येक घरात होते, पण मालिकेत ते मला फारच क्वचित दिसले आहे.

दिवसांच्या हिशेबाबद्दल विचारले जाते म्हणून सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात दीर्घकाळ टिकून राहणाऱ्या तीव्र शोकाचा स्वतंत्र विकार म्हणून समावेश आहे. त्यासाठी किमान सहा महिन्यांचा काळ धरला आहे, आणि त्या समाजाच्या रीतीरिवाजांत अपेक्षित असलेल्या शोकापेक्षा तो स्पष्टपणे अधिक असला पाहिजे, अशीही अट आहे. त्याच वर्षीच्या अमेरिकन वर्गीकरणात प्रौढांसाठी ही मुदत वर्षभराची आहे. आपल्याकडे मासिक श्राद्धे करून वर्षश्राद्धापर्यंत आठवणीला जागा ठेवलेली असते. मालिका ज्या माणसाला दोन आठवड्यांत सावरायला लावते, त्याच्याकडून डॉक्टरसुद्धा तेवढ्या अवधीत सावरण्याची अपेक्षा करत नाहीत.

मुलांविषयी एक उदाहरण देऊन थांबते. ते दैनंदिन मालिकेतले नाही, 'सेसमी स्ट्रीट' या लहान मुलांच्या अमेरिकन कार्यक्रमातले आहे. त्यात दुकानदार मिस्टर हूपर यांची भूमिका करणारे विल ली डिसेंबर १९८२ मध्ये वारले. निर्मात्यांनी नवा नट घेतला नाही. २४ नोव्हेंबर १९८३ च्या भागात मोठ्या पिवळ्या पक्ष्याला, ज्याची समज लहान मुलाएवढी आहे, मोठी माणसे स्पष्ट शब्दांत सांगतात की हूपर वारले आहेत आणि मेलेली माणसे परत येत नाहीत. ते झोपले आहेत किंवा देवाघरी फिरायला गेले आहेत, असे काहीही सांगत नाहीत. आपल्या मालिकांत लहान मुलाला "बाबा तारा झाले" असे सांगितले जाते आणि मूल मान डोलावते. प्रत्यक्षात मूल दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारते, ते परवाही विचारते, आणि त्याला दर वेळी तेच खरे उत्तर द्यावे लागते. रोज प्रसारित होणाऱ्या मालिकेला हे किती सहज दाखवता येईल!

गोदाकाठची वाचक, इंदिरानगर

सर्वांची मनापासून आभारी आहे. संवादलेखकांचे उत्तर आईला वाचून दाखवले. भेटायला येणाऱ्यांचे पैसे द्यावे लागतात हे तिला नवीन होते. "मग एक तरी शेजारीण बोलवायची होती, एकीचे कितीसे होतात," असे ती म्हणाली. मला ते रास्त वाटते. सगळी गर्दी दाखवता येत नसेल तर रोज एकच माणूस येऊ द्या आणि त्याला "कसं झालं?" असे विचारू द्या.

सातपूरच्या ताईंचे म्हणणे चर्चेच्या सुरुवातीलाच मांडावे असे ठरवले आहे, कारण आमच्या संघातही अनेक जण तसेच म्हणतील. संवादलेखकांना मात्र एक विचारायचे आहे. मालिकांचे पंचांग आपल्या पंचांगाबरोबर चालते. आपल्याकडे गणपती बसले की त्यांच्याकडेही बसतात. मग भाद्रपदात ज्या घरात मृत्यू दाखवला, त्याच घरात दिवाळीला नवे कपडे आणि नाचगाणे कसे काय असते? पहिल्या वर्षी आपल्याकडे सण होतच नाही.

संवादलेखक, मूळ कॉलेज रोड, सध्या गोरेगाव

ताई, याचे कारण विशेष भाग हे आहे. दिवाळीच्या आठवड्यात प्रायोजक असतात, दोन-तीन मालिकांची कुटुंबे एका ठिकाणी आणून महासंगम केला जातो आणि त्यातून एका घराला वगळणे वाहिनीला परवडत नाही. मी एकदा हा मुद्दा काढला होता, तेव्हा गेलेल्या आजींच्या तोंडी "माझ्या मागे सण थांबवू नका" असे एक वाक्य आधीच्या भागात घालून प्रश्न सोडवला गेला. वाक्य मलाच लिहावे लागले.

सध्या ज्या मालिकेवर काम करतो आहे तिच्यात एक वयस्कर पात्र लवकरच जाणार आहे आणि त्यानंतर दिवाळी येते आहे. या वेळी मला त्या घराची पहिली दिवाळी खरी लिहायची आहे. निदान दोन मिनिटांचा एक प्रसंग तरी मी मागून घेईन. आपल्या आईंची शेजारीणही त्यात असेल. घरोघरी काय करतात ते मला सांगाल का? कॉलेज रोडवरच्या आमच्या घरी वडिलांच्या वर्षी फराळ केला नव्हता, एवढेच मला आठवते.

जुना प्रेक्षक, नाशिकरोड

आमच्याकडे आकाशकंदील लावत नाहीत, दारात एक पणती मात्र लावतात. फराळ घरी होत नाही. शेजारचे आणि सोयरे डबे आणून देतात, आणि ते डबे परत करताना रिकामे द्यायचे की साखर घालून द्यायचे यावर बायकांत कुजबूज होते. अभ्यंगस्नान लहान मुलांना घालतात, मोठे साधी अंघोळ करतात.

सातपूरहून एक प्रेक्षक

आम्ही मूळचे धुळ्याकडचे. पहिल्या दिवाळीला माहेरचे लोक येऊन साडी देतात आणि दुखवटा काढतात. ती साडी फार भडक नसते. माझ्या वेळी भाऊ आला होता. मुलांसाठी त्याने फटाके आणले होते आणि ते वाजवावेत की नाही हे कोणी ठरवेना. शेवटी सासऱ्यांनीच मुलांना गच्चीवर नेले. लिहिणार असाल तर सासऱ्यांचे नक्की लिहा, कारण मालिकेत असल्या वेळी सासरे नेहमी रागावतात आणि आमचे रागावले नव्हते.